माणसाचा ठिपका

४ तारीख, मंगळवार

डाव्या कानात कुणी स्टोव्ह पेटवून ठेवलाय आणि बंद करायला विसरलंय. डॉक्टर म्हणाला, पडदा फाटलाय, ऐकू येईल की नाही सांगता येत नाही. मग तुला सांगता तरी काय येतं, असं विचारणार होते, पण माझ्या मागे रांगेत पाय नसलेली माणसं होती.

नात म्हणते, लिहून काढ आजी, मनातलं बाहेर पडतं. मी म्हटलं, मनात काही नाही, जे काय आहे ते कानात आहे. तरी वही आणून दिलीच. चौथीत शाळा सोडली त्यानंतर मी लिहिलंय काय, तर कपड्यांच्या गठ्ठ्यावर गिऱ्हाइकाचं नाव.

काल सकाळी मी टपरीत इस्त्री करत होते. सुताराची बायको नवऱ्याचा शर्ट न्यायला आली आणि कॉलरवरून भांडायला लागली. वर भुणभुण ऐकू आली. ती मान वर करून म्हणाली, "कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग असेल." मी म्हटलं, "असल्या उन्हात कोण गाढव लग्न करतंय?" एवढंच आमचं शेवटचं बोलणं. ते ड्रोन बाजारावर थांबलं आणि त्याच्या पोटाखालून डब्याएवढं काहीतरी सुटलं. खूप मोठा आवाज झाला म्हणतात. मला आवाज आठवत नाही. टपरीचा पत्रा कागदासारखा दुमडलेला आठवतो. कोबीच्या ढिगावर एक हात पडला होता, मनगटात घड्याळ होतं आणि ते चालू होतं. सुताराची बायको उभी होती ती नुसती खाली बसली. मानेतून धार लागली होती. मी तोच शर्ट तिच्या मानेवर दाबला. कडक खळ घातलेला कपडा पटकन रक्त पीत नाही. माझ्या कोपरापर्यंत ओघळ आला, पण शर्ट पांढराच. मग एकदम लाल झाला. तोवर ती गेली होती.

सुतार आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, हिला उठवा ना."

६ तारीख, गुरुवार

पालिकेच्या हॉलमध्ये सभा झाली. राजधानीतून कुणी अधिकारी आला होता. तो नेमका माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला, म्हणजे अर्धं भाषण स्टोव्हनेच ऐकलं. उजव्या कानाने जेवढं पकडलं ते असं. गाडीला जशी नंबर प्लेट असते तसा आता प्रत्येक ड्रोनला नंबर. ते उडत असेपर्यंत स्वतःचा नंबर हवेत ओरडत राहणार. आपल्याला ऐकू येत नाही, फोनला येतो. फोनवर ड्रोन दिसतं लाल ठिपका आणि ते चालवणारा माणूस दिसतो निळा ठिपका. कुणाचं नाव काय ते फक्त पोलिसांना कळतं. ज्याला नंबर नाही ते पोलीस बंदुकीने पाडणार.

"काही संशयास्पद दिसलं तर आम्हाला कळवा. स्वतः जाऊ नका," असं तो तीनदा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आजूबाजूला बघितलं, एकाच्याही चेहऱ्यावर फोन करायचा विचार नव्हता.

शेवटी जुन्या यंत्रांचं काहीतरी वेगळं असतं असं सांगायला लागला, तेवढ्यात चहा आला आणि सभा उठली.

नातीचं यंत्र जुनं आहे. कंपनीचं. उंच टाक्या, धुराडी, पूल, जिथे माणूस चढू शकत नाही तिथे ते पाठवून ती भेगा बघते. काल तिने त्यावर ती नंबर ओरडणारी चकती चिकटवून आणली. घरभर पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. मी म्हटलं, "हे काय, सायकल आहे का?" म्हणाली, "स्क्रू बसत नव्हता आजी, काकांनी मस्त चिकटवून दिलं." कुठले काका ते मी विचारलं नाही. तिला गावभर काका आहेत.

९ तारीख, रविवार

आम्ही पहारा बसवला. सुतार पुढारी. बायकोला जाळून आल्यापासून तो बसलेला मी पाहिला नाही, उभ्यानेच पाणी पितो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन बघायला रिकामं माणूस हवं होतं. टपरी मोडलेली, कान गेलेला, मीच रिकामी. नातीने तिचा जुना फोन दिला. ठिपके ओळखायला शाळा लागत नाही.

पंक्चरवाला टपरीचा पत्रा सरळ करायला आला होता. तीस वर्षांचा शेजार, एक दिवस धड बोलला नाही.

"काय इस्त्रीवाल्या बाई, आता आभाळालाही इस्त्री करणार वाटतं?"

"तुझ्या चेहऱ्याला करून झाली की मग आभाळ."

"माझ्या सुरकुत्या राहू द्या. त्याच्याशिवाय बायको ओळखायची नाही."

पत्रा सरळ केला, पण एक कोपरा मुद्दाम वाकडा ठेवला. म्हणाला, तुमच्या स्वभावाला शोभतो.

१३ तारीख, गुरुवार

आज एक सापडला.

सकाळी नव्या घरांच्या बाजूला लाल ठिपका उगवला. निळा त्याच्या खाली, पाण्याच्या पाइपाजवळच्या झाडाखाली. मी सुताराला फोन केला. "पाइपाजवळ. झाड. एकटाच आहे." एवढंच म्हटलं. गेली दहा-पंधरा माणसं. मी खिडकीतून निळा ठिपका बघत होते. जागेवरून हलला, थोडा पळाला, पुन्हा थांबला. मग बराच वेळ थांबलेलाच.

सुतार परत आला तेव्हा त्याच्या हातोड्याला केस चिकटले होते. मी त्याला चिंधी दिली.

संध्याकाळी कळलं, माणूस घरं विकणाऱ्यांचा होता. छपरांचे फोटो काढायला आलेला. परवानगीचा कागद खिशात होता, पण खिशात हात घालायला त्याचा हात राहिला नव्हता. जबडा तीन ठिकाणी मोडलाय. मला वाईट वाटलं का? नाही. बाजार फुटून दहा दिवस झालेत, अशा वेळी आभाळात खेळणी उडवायला कुणी सांगितलं होतं?

नात जेवली नाही. म्हणाली, "आजी, ज्याला लपायचंय तो नंबर ओरडेल का? जो ओरडतोय तो प्रामाणिक आहे."

"मग त्याने प्रामाणिकपणे घरी बसावं."

"मीही तेच काम करते."

"तू वेगळी."

"निळ्या ठिपक्याला नाव असतं का?"

ताट सरकवून उठली. तिच्या बुटांनी फरशीभर काळे डाग केलेत, रबराचे, पुसून निघत नाहीत. कुठे चिखल तुडवत फिरते कोण जाणे.

१७ तारीख, सोमवार

पुन्हा टाकला. हॉस्पिटलच्या दारात, बसच्या थांब्यावर.

मी फोनकडेच बघत होते. डोळे फुटेस्तोवर बघत होते. फोनवर काही नव्हतं. स्वच्छ. एक ठिपका नाही. आणि खिडकीची काच आत आली.

मी गेले तिथे. जायची गरज नव्हती, पण गेले. बस एका कुशीवर होती आणि तिच्या खिडक्यांमधून माणसं बाहेर ओढत होते, काही अख्खी, काही नाही. एक परिचारिका स्वतःच्या पोटावर उशी धरून दुसऱ्यांना हुकूम सोडत होती. उशी लाल होत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. हॉस्पिटलच्या उंच टाकीला तडा गेलाय, पाणी भिंतीवरून वाहत होतं. रस्त्यावर येईतो त्याचा रंग बदलला होता.

सुतार म्हणाला, "मावशी, दिसला कसा नाही?"

"त्याने नंबर लावलाच नाही, मग काय दिसणार?"

हे नातीचं वाक्य माझ्या तोंडातून आलं. सुताराने ते ऐकलं नाही. म्हणाला, "एकानं लपवलंय, पण बाकीच्यांना ठाऊक असणार. हे सगळे एकमेकांना ओळखतात. पुढचा दिसेल त्याला बोलता करू."

मला ते पटलं. तेव्हा पटलं.

१९ तारीख, बुधवार

नात सकाळी डबा घेऊन निघाली. "नदीपलीकडे काम आहे, पुलाचं," म्हणाली. माझ्याकडे न बघता बोलली. परवापासून हॉस्पिटलच्या टाकीची काहीतरी बोलणी फोनवर चालली होती, कंपनी घाई करतेय म्हणे, टाकी भरता येत नाही, बादल्यांनी पाणी नेतात. पण ती म्हणाली पूल, म्हणजे पूल. मी तिला सांगितलं होतं, हॉस्पिटलच्या आसपास फिरकलीस तर तंगडं तोडीन.

पुढचं उद्या.

२० तारीख, गुरुवार

लिहिते. सगळं लिहिते.

काल उन्हं चढल्यावर लाल ठिपका उगवला, थेट हॉस्पिटलच्या टाकीवर. निळा ठिपका हॉस्पिटलला लागून असलेल्या पंक्चरवाल्याच्या आवारात. मी नीट बघितलं, दोन बोटांनी मोठं करून बघितलं. आवाराच्या मधोमध, जिथे तो जुने टायर रचतो. आणि हलत नव्हता. मी मनात म्हटलं, बघा, कुणी बदमाश त्याच्या आवारात लपून उडवतोय आणि हा म्हातारा आत रेडिओ ऐकत बसला असेल. सुताराला फोन केला. या वेळी मीही निघाले. पंक्चरवाल्याला काही होऊ नये म्हणून निघाले, हे खरं आहे. कुणी विश्वास ठेवो न ठेवो.

मी पोचेपर्यंत त्यांनी त्याला धरला होता.

त्यालाच. आवारात दुसरं कुणी नव्हतं. मधोमध एक नारिंगी कापड अंथरलेलं आणि त्याच्या शेजारी पंक्चरवाला. सुतार विचारत होता, "दुसरा कुठाय? नंबर न लावणारा कुठाय?" आणि तो म्हणत होता, "कोण दुसरा? अरे, मी ट्यूब बघतोय पाण्यात." त्याच्या हातात खरंच ट्यूब होती. कुणीतरी ती त्याच्या गळ्यात घातली आणि पिळली. मी ओरडले, "हा नव्हे! हा आपला आहे!" कुणी वळलं नाही. त्यांनी त्याचं डोकं पाण्याच्या घमेल्यात दाबलं, बाहेर काढलं, विचारलं, दाबलं. पाण्यात बुडबुडे येत होते. मग सुताराने गुडघ्यावर हातोडा मारला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या फुटक्या कानालासुद्धा आला. पंक्चरवाल्याने मला पाहिलं. म्हणाला, "बाई, सांगा ना यांना." मी सांगतच होते. मी दोघांना मागून ओढलं, एकाने मला कोपराने भिंतीवर फेकलं. दुसरा घाव छातीवर. तिसरा कुठे ते मी बघितलं नाही.

आणि तेव्हा ते वरून आलं. भुणभुण करत, सावकाश. सगळे पांगले. ते त्या नारिंगी कापडावर येऊन उतरलं, पाळीव असल्यासारखं, आणि पंखे थांबले.

सुतार खाली पडलेल्या माणसाकडे बघत म्हणाला, "हा तर इथे आहे. मग हे उतरवलं कोणी?"

मला दिसली ती. आवाराच्या टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यावर, गळ्यात रिमोटचा डबा, हॉस्पिटलच्या बाजूने चालत येणारी. माझी नात. तिने पंक्चरवाल्याला पाहिलं. शहाणी पोरगी मागच्या मागे पळाली असती. ही भवानी "काका!" म्हणून किंचाळत आत धावली, सरळ त्यांच्यात.

तिच्या गळ्यातला डबा बघितला आणि सगळे तिच्यावर पडले. केस धरून आपटली. रिमोट धरलेल्या हातावर कुणीतरी बूट ठेवला आणि फिरवला. मी टायर उचकटायची लोखंडी पट्टी उचलली. पहिला कोण होता माहीत नाही, त्याच्या कानशिलात घातली, तो बसला. दुसऱ्याच्या मनगटात. मग सुतार समोर आला. त्याच्या तोंडावर घातली. दात पडलेले मी पाहिले. नातीच्या अंगावर मी पडले आणि पट्टी फिरवत राहिले, कुणाला लागत होती ते बघत नव्हते. "माझी आहे! माझी आहे ही!" एवढंच म्हणत होते म्हणे. पोलिसांनी हवेत गोळी झाडली तेव्हाही मी फिरवत होते.

नातीची दोन बोटं मोडली. डोक्याला टाके.

पंक्चरवाला आज सकाळी गेला.

२१ तारीख, शुक्रवार

पोलिसांत गेले. म्हटलं, पत्ता मी दिला. शिपाई म्हणाला, "आजी, तुम्ही घरी जा, पडून राहा." म्हटलं, लिहून घे, मी सांगितलं म्हणून ते तिथे गेले. त्याने पेन टोपणात घातलं. सुतार आणि बाकीचे दोन दिवसांत सुटलेही. गर्दी होती म्हणे, कोणी काय केलं ठरवता येत नाही. मी ठरवून देत होते तर ऐकायला कुणी तयार नाही.

अधिकारी भेटला. या वेळी मी उजवा कान पुढे केला. त्याने सांगितलं. नव्या यंत्रांत माणूस जिथे जातो तिथे निळा ठिपका जातो. जुन्यांना जी चकती चिकटवतात तिला माणूस कुठे आहे ते कळतच नाही. जिथून यंत्र उडालं ती जागा ती दाखवत राहते. नात आवारातून उडवून टाकीच्या चारी बाजूंनी चालत फिरत होती. ठिपका आवारातच.

"हे मी सभेत सांगितलं होतं," तो म्हणाला.

"तेव्हा चहा आला होता," मी म्हटलं.

नात बोलत नाही. मी भात कालवून पुढे ठेवते, ती डाव्या हाताने खाते, मान वर करत नाही. तिला म्हटलं, "मला वाटलं तू पुलावर आहेस." तेवढ्यावर तिने मान वर केली. तिची ती नजर बघून वाटलं, मान खालीच राहिली असती तर बरं.

२५ तारीख, मंगळवार

टाकीचं काम राहिलंय. तडा आतपर्यंत गेला असेल तर भरल्यावर सगळी टाकी वॉर्डावर येईल, नसेल तर पाणी सुरू करता येईल. शिडी स्फोटात तुटली. कंपनीकडे दुसरं यंत्र नाही आणि दुसऱ्या कुणाला यायचं नाही. नात म्हणाली मी करते. मोडक्या बोटांना पट्टी, अंगठ्याने चालवेन म्हणते. हे ती मला नाही, फोनवर बोलली.

उडवायला मोकळी जागा तेवढीच, ते आवार. पंक्चरवाल्याच्या बायकोला विचारायला मी गेले. तिने दार उघडलं, मला ओळखलं, आणि थोबाडीत मारली. मग किल्ली दिली. म्हणाली, "त्याने पोरीला आवाराचा शब्द दिला होता."

२७ तारीख, गुरुवार

गळ्याजवळचं उजवं हाड मोडलंय, म्हणून हे अक्षर असं.

सकाळी नातीने नारिंगी कापड अंथरलं. पोलिसांनी एक शिपाई दिला होता, तो सिगारेट आणायला गेला. यंत्र वर गेलं, नात भिंतीमागून हॉस्पिटलकडे गेली. मी कापडाच्या शेजारी एका टायरवर बसले. कशाला बसले? घरात बसून कंटाळा आला होता. टपरी अजून लावलेली नाही. आणि त्यांच्या फोनवर तिथे माणूस दिसणार असेल तर तिथे माणूस असलेला बरा.

आले ते. फार नव्हते. सुतार पुढे, तोंड सुजलेलं, पुढचे दात नाहीत.

"मावशी, उठा तिथून."

"फोनवर कोण दिसतंय तुला?"

"इथलाच ठिपका आहे."

"मग मीच ती."

"तुम्हाला उडवता येतं?"

"तुला रंधा मारता येतो का? तरी सुतार म्हणवतोस ना?"

मागून कुणीतरी वीट मारली. इथे लागली, गळ्याखाली. कटकन वाजलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण टायरवर बसलेलं माणूस सहज पडत नाही. सुताराने हातोडा उचलला. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता.

मी म्हटलं, "तुझी बायको माझ्या हातात गेली. पंक्चरवाला माझ्या तोंडाने गेला. आता तिसरं कोण, ते लवकर ठरव. मला उन्हात बसवत नाही."

त्याने मारला. माझ्या मांडीशेजारी, टायरवर. हातोडा उसळला, त्याने परत मारला. मारतच राहिला, रबरावर, धाप लागेपर्यंत, तोंडातून लाळ आणि रक्त गळेपर्यंत. मागचे एकेक करून गेले. मग तो खाली बसला. त्याला बसलेला मी बायको गेल्यापासून पहिल्यांदा पाहिला. नेमका नारिंगी कापडावर बसला होता.

वर भुणभुण आली. मला ती उजव्या कानाने ऐकू आली.

"सरक," मी म्हटलं. "तिला उतरवायचंय."

त्याने वर पाहिलं. बराच वेळ वर पाहत राहिला. मग हाताने जमीन चाचपत सरकला.

नात आली, यंत्र उचललं, माझ्याकडे पाहिलं, हाडाकडे पाहिलं. सुताराकडे पाहिलं नाही. हॉस्पिटलात पट्टी बांधेपर्यंत माझ्याजवळ उभी होती. टाकीची पुढची बाजू ठीक आहे असं तिने डॉक्टरला सांगितलं, मागची उद्या बघायचीय.

आता दिवा मालवताना दारात थांबली. म्हणाली, "उद्या टायरवर नको बसूस. स्टूल ने."